बागेतलं तळं बुजवू नका, पाणी गोट्यांखाली लपवा

हौसेने बांधलेलं कमळाचं तळं दोन वर्षं छान दिसतं, मग शेवाळ, कुजलेली पानं, हिरवं पाणी, आणि पावसाळ्यात महापालिकेचे लोक टॉर्च मारून अळ्या शोधायला हजर. लोक वैतागून त्यात माती भरतात. त्याआधी हे वाचा.

खरा त्रास आहे ऊन लागणाऱ्या उघड्या साचलेल्या पाण्याचा. ऊन आणि कुजलेली पानं मिळाली की शेवाळ येणारच, आणि डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातही अंडी घालतो, आठ-दहा दिवसांत त्याचा डास तयार. म्हणून पाणी खाली झाकायचं आणि वर फक्त दगडावरून वाहताना दिसेल असं करायचं. लहान पोरं पडायची भीतीही जाते.

काम दिवाळीनंतर काढा. मासे ओळखीत कुणाला तरी द्या, नदी-विहिरीत सोडू नका. गाळ झाडांना घाला, मस्त खत आहे.

रिकामं करण्याआधी गळती बघा. पाण्याने भरलेली बादली तळ्यातच विटेवर ठेवायची, बादलीतल्या आणि तळ्यातल्या पाण्याच्या पातळीवर खडूने खूण करायची, दोन दिवसांनी बघायचं. दोन्ही सारखं उतरलं तर ते बाष्पीभवन, तळ्याचं जास्त उतरलं तर गळतंय. गळत असेल तर प्लास्टरच्या नादी न लागता शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद अंथरा, खाली-वर जुनी पोती टाका म्हणजे दगडाने फाटणार नाही.

आता सगळ्यात खोल जागी भोकं पाडलेला प्लास्टिकचा ड्रम उभा करा, पंप त्यात. ड्रमचं झाकण वरून दोन-चार गोटे बाजूला केले की उघडलं पाहिजे, नाहीतर पंप बंद पडला की सगळे दगड उपसत बसाल. बाकी जागेत नदीचे मोठे गोटे, पण धुवून, कारण त्यांची माती थेट पंपात जाते. गोट्यांनी निम्म्याहून जास्त जागा खाल्ली की हजार लिटरच्या तळ्यात जेमतेम चारशे लिटर पाणी मावतं, पण तेवढं पुरतं. पाणी गोट्यांच्या तीन-चार इंच खालीच राहिलं पाहिजे, म्हणून त्या उंचीला ओव्हरफ्लोचा पाइप काढा, नाहीतर जुलैत पुन्हा तळंच. वरच्या थराखाली मच्छरदाणीची बारीक जाळी टाका, डास आणि पानं दोन्ही अडतात.

वर काय ठेवायचं? माझं मत विचाराल तर सिमेंटचे हंस वगैरे नको, जुनं जातं किंवा दगडी रांजण ठेवा. एसीच्या पाइपसाठी भिंतीला भोक पाडणारे असतात ना, ते त्यात पंपाचा पाइप वर काढायला एक इंचाचं भोक पाडून देतात. पाणी दगडाला चिकटून उतरू द्या, उंच उडवलं तर वाऱ्याने बाहेर जातं आणि रोज भरत बसावं लागतं.

पंपाच्या खोक्यावर जी कमाल उंची लिहिलेली असते ना, त्या उंचीला पाणी येतच नाही, तिथे धार शून्य होते. दोन फूट चढवायचं असेल तर पाच-सहा फुटांचा घ्या. ४० वॅटचा पंप रोज सहा तास चालवला तरी महिन्याला सात युनिटच्या आसपास. वायरिंगमध्ये मात्र जुगाड नको, अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज लगेच तोडणारा स्विच) हवाच, जोड पाण्याबाहेर, आणि हात घालण्याआधी स्विच बंद.

नंतरचं काम थोडंच आहे पण आहे. उन्हाळ्यात आठवड्याला पाणी घाला, दोन-तीन महिन्यांनी पंप काढून जाळी धुवा. बोअरचं पाणी असेल तर दगडावर आणि पंपात पांढरा थर बसतो, त्याला लिंबूसत्वाच्या पाण्यात तासभर भिजवा, सुटतो. आणि महिनाभर गावाला जाणार असाल तर त्याच पंपाला पाइप लावून पाणी झाडांना सोडून द्या, पंप काढून ठेवा.