बुरशीने रंग मोडला की नुसता धरून ठेवला? या चुका टाळा

कापड रंगाईच्या सांडपाण्यातला रंग काढायला बुरशी वापरता येते का, हे बघायला धिंगरी अळिंबीची बुरशी रंगीत पाण्यात सोडली, चार-पाच दिवसांत पाणी निवळलं, की प्रयोग जमला असं धरून चालतात. मोठी चूक इथेच होते. बुरशीचे तंतू रंग शोषूनही घेतात, आणि शोषलेला रंग मोडलेला नसतो. गोळा उचलून बघा. तो निळाशार दिसला तर रंगाने फक्त जागा बदलली आहे.

खात्रीसाठी तीन फ्लास्क लावा, प्रत्येकात 100 मिली द्रावण आणि लिटरला 50 मिलिग्रॅम या हिशेबाने रंग. एकात जिवंत बुरशी, दुसऱ्यात तेवढीच पण ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेच्या भांड्यात) 121 अंशांवर 20 मिनिटं ठेवून मारलेली (ती रंग धरू शकते, मोडू शकत नाही), तिसऱ्यात काहीच नाही. तिसरा फ्लास्क लावायचा टाळू नका. नळाच्या पाण्यातला क्लोरीनही थोडा रंग उडवतो आणि श्रेय बुरशीला जातं. शेवटी गोळा मिथेनॉलमध्ये हलवा. रंग उतरला तर तेवढा नुसता चिकटलेला होता. बुरशीला आधार म्हणून नारळाच्या सोडणाचा काथ्या घालत असाल, तर नुसत्या काथ्याचा चौथा फ्लास्कही लागतो. काथ्या आधी उकळून, पाणी दोन-तीनदा बदलून घ्या, नाहीतर त्याचा तपकिरी अर्क रंगाच्या मोजणीत घुसतो.

कोकणात दुसरा घोळ मिठाचा. उन्हाळ्यात किनाऱ्यालगतच्या बऱ्याच विहिरी मचूळ होतात, आणि तेच पाणी माध्यमाला, म्हणजे बुरशी वाढवायच्या द्रावणाला, वापरलं जातं. रंग मोडणाऱ्या लॅकेज या एन्झाइमच्या गाभ्यात तांब्याचे चार अणू असतात. मिठातलं क्लोराइड तिथे चिकटलं की काम मंदावतं. सुती कापडाच्या रंगाईत तर लिटरला 40 ग्रॅम किंवा जास्त मीठ पडतं. म्हणून प्रयोगशाळेत शुद्ध पाण्यात झकास चाललेली बुरशी रंगाईच्या सांडपाण्यात ढिम्म राहते. माध्यमाला ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी घ्या, सांडपाणी आधी पातळ करून बघा. रंगाईत मिठाऐवजी सोडियम सल्फेट चालत असेल तर लॅकेजला त्याचा त्रास बराच कमी. कांदळवनातल्या कुजक्या लाकडांवर खारं पाणी सोसणाऱ्या बुरश्या मिळतात. किनाऱ्यावर राहून त्या न शोधणं म्हणजे खाडी सोडून डबक्यात गळ टाकणं. आणि सामू (pH) कमी करायला हायड्रोक्लोरिक आम्ल नको, पुन्हा क्लोराइडच जातं. विरल सल्फ्युरिक वापरा. रंगाईचं पाणी बहुधा 10 सामूच्या वर असतं, लॅकेजला साधारण 4.5 ते 5 मानवतो.

सामू मोजणीलाही फसवतो. काँगो रेड हा लाल रंग 3 सामूच्या खाली निळा पडतो. ती रंगाची ‘मोडतोड’ नव्हे. मोजण्याआधी सगळे नमुने एकाच सामूवर आणा आणि सेंट्रिफ्यूज करा (वेगाने फिरवून गाळ तळाला बसवा), कारण रंग मोजणाऱ्या यंत्राला गढूळपणाही रंगासारखाच दिसतो.

मोरचूद (कॉपर सल्फेट) लॅकेज वाढवतं, पण पहिल्याच दिवशी घातलं तर तंतूच खुरटतात. तिसऱ्या दिवशी, लिटरला 125 मिलिग्रॅम. ते तांबं शेवटी पाण्यातच उरतं, हे मात्र विसरू नका. नमुना टिकावा म्हणून सोडियम अॅझाइड घातलं तर ते लॅकेजलाच थांबवतं, मोजणी तिथेच संपली.

धिंगरी पेंढ्यावर वाढवत असाल, तर पावसाळ्यात त्यावर ट्रायकोडर्मा ही नको असलेली हिरवी बुरशी बसते. पेंढा 80 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवा, मुठीत दाबल्यावर थेंब गळू नये इतका निथळवा. हिरवा ठिपका दिसला तर ती पिशवी त्याच खोलीत उघडू नका.

निवळ पाणी बिनविषारी असतंच असं नाही. अॅझो रंग (नायट्रोजनच्या जोडीने बांधलेले, काँगो रेडसारखे) तुटताना अॅरोमॅटिक अमाइन ही बऱ्याचदा विषारी संयुगं तयार होऊ शकतात. सामू 7 वर आणून, त्या पाण्यात आणि साध्या पाण्यात वीस-वीस मूग तीन दिवस ठेवा, मुळांची लांबी मोजा. सांडपाण्यात मीठ असेल तर तेवढ्याच मिठाच्या पाण्यात तिसरी बशी मांडा, नाहीतर मिठाचा दोष अमाइनवर जाईल.