ट्रकचं ईसीएम बदलताय? थांबा, आधी या चुका टाळा

"ईसीएम गेलंय, बदलावं लागेल" हे मी आठवड्यातून तीन-चार वेळा ऐकतो (ईसीएम म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटरचा डबा), आणि खरं सांगायचं तर त्यातली बरीचशी ईसीएम ठणठणीत असतात. गेलेलं असतं भलतंच काहीतरी. कुठे अर्थ (बॅटरीच्या मायनसची बॉडीला असलेली जोडणी), कुठे रिले, कुठे उंदराने कुरतडलेली वायर. पण शोधायला वेळ लागतो आणि डबा बदलायला अर्धा तास, मग काय, बदला डबा.

सगळ्यात मोठी चूक हीच, सप्लाय आणि अर्थ न बघता ईसीएमला मेलं म्हणून जाहीर करणं.

पावसाळ्यातली गोष्ट आहे. पिंपळगावहून कांदा भरून वाशीला निघालेली दहा टायर गाडी, बीएस-४, घोटीजवळ चालता चालता बंद पडली. स्टार्टर फिरतोय पण इंजिन पकडत नाही, आणि स्कॅनर (फॉल्ट वाचायचं यंत्र) लावला तर कनेक्टच होत नाही. तिथल्या मेकॅनिकने मीटर लावला, ईसीएमच्या कपलरवर (वायरींच्या जोडावर) २४ व्होल्ट दिसले, म्हणाला सप्लाय बरोबर आहे म्हणजे ईसीएम उडालं. शेठने धावपळ करून त्याच नंबरचं जुनं ईसीएम ३५ हजाराला आणलं, बसवलं आणि गाडी लगेच चालू! सगळे खूश, चहा झाला, गाडी निघाली आणि इगतपुरी ओलांडून परत बंद. नशीब घाट लागायच्या आधी. मग मला फोन. मी बाईकवर गेलो, बरोबर मीटर, पाने आणि हेडलाईटचा २४ व्होल्टचा बल्ब, दोन वायरी जोडलेला. मीटरवर मलाही २४.६ दिसले. बल्ब लावला तर नुसती तार लाल झाली, उजेडच नाही. त्याच बल्बची एक वायर डायरेक्ट बॅटरीच्या मायनसला लावली तर भकभकीत पेटला. म्हणजे प्लस चांगला, अर्थ गेलेला. केबिनच्या मागे चॅसिसला जो अर्थचा बोल्ट असतो तिथे बॉडीवाल्याने ताडपत्रीचा हूक बसवला होता आणि वरून रंग मारला होता, खाली थिंबलला (वायरच्या टोकाच्या कडीला) एवढा गंज की नखाने पापुद्रे निघत होते. पॉलिश पेपरने घासलं, नवीन थिंबल, दातऱ्याचा वॉशर, घट्ट आवळलं, पाऊण तासात काम झालं. मग त्यांचं ओरिजिनल ईसीएम परत लावून बघितलं, गाडी एका सेल्फमध्ये चालू.

आता पहिल्यांदा जुनं ईसीएम लावल्यावर गाडी का चालू झाली? कारण कपलर काढता-घालताना वायरिंग हललं आणि अर्थ थोडा वेळ टेकला, बस एवढंच. ३५ हजार गेले, तीन दिवस गेले आणि कांद्याला वास सुटला तो वेगळाच.

मीटरला करंट लागत नाही हो, तारेतला एक केस शिल्लक असला तरी तो पूर्ण २४ दाखवणार. लोड द्या, मग खरं कळतं. बल्ब नसेल तर सेल्फ मारताना ईसीएमचा अर्थ आणि बॅटरीचा मायनस यांच्यात मीटर धरा, अर्ध्या व्होल्टच्या वर गेला की मी पुढचं काही बघतच नाही, आधी अर्थ. आणि स्कॅनर कनेक्ट होत नसेल तर मेन स्विच बंद करून स्कॅनर लावायच्या १६ पिनच्या कपलरवर ६ आणि १४ नंबरच्या पिनमध्ये ओहम मोजा, बऱ्याच गाड्यांत ६० च्या आसपास यायला पाहिजे. १२० आला तर कॅनची लाईन (जिच्यावरून ईसीएम आणि बाकीचे डबे एकमेकांशी बोलतात ती) कुठेतरी तुटलीय किंवा एका टोकाचा रेझिस्टर गेलाय. त्यासाठी ईसीएम बदलणारे पण बघितलेत मी.

दुसरं, स्कॅनरवर एकदम सहा-सात सेन्सरचे फॉल्ट आले की पोरं म्हणतात ईसीएम वेडं झालंय. अरे बाबा, त्या सेन्सरांना ५ व्होल्टचा सप्लाय ईसीएममधूनच जातो आणि एका लाईनवर तीन-चार सेन्सर असतात. एक आतून शॉर्ट झाला की सगळ्यांचे व्होल्ट खाली. मीटर ५ व्होल्टच्या वायरवर ठेवा आणि एकेक सेन्सरचा कपलर काढत जा, जो काढल्यावर ५ परत येतात तो चोर. सगळे काढूनही नाही आले तर वायरिंग कुठे घासलंय ते बघा, आणि तिथेही काही नसेल तर मग बोला ईसीएमबद्दल.

समजा खरंच गेलंय. मग ते का गेलं हे शोधल्याशिवाय नवीन लावू नका. इंजेक्टरची (डिझेल फवारणाऱ्या नोझलची) वायर बॉडीला लागून ईसीएममधलं तो चालवणारं सर्किट जळालं असेल तर नवीनही जळणारच. आणि जुन्या मेकॅनिकल पंपाच्या काळातली एक सवय अजून गेलेली नाही, इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर उपसायची, बंद नाही पडलं म्हणजे अल्टरनेटर चांगला. तेव्हा चालायचं. आता वायर उपसली की अल्टरनेटरचे व्होल्ट क्षणात उसळतात आणि इलेक्ट्रॉनिक्सचा निकाल. हे करणाऱ्याला मी गाडीला हात लावू देत नाही, वयाने मोठा असला तरी.

आता डाटा मारण्याची, म्हणजे ईसीएममध्ये लॅपटॉपवरून सॉफ्टवेअर भरण्याची चूक, आणि ही माझी स्वतःची. बीएस-६ गाडी होती, नवीन ईसीएम बसवलं, लॅपटॉप लावला, फ्लॅशिंग सुरू. निम्म्याच्या पुढे गेलं होतं, मी जरा हात धुवायला गेलो. क्लीनरला बिचाऱ्याला वाटलं गाडी उभी आहे, बॅटरी उतरेल, त्याने रोजच्या सवयीने मेन स्विच बंद केला. झालं. नवीन कोरा डबा मेला, लॅपटॉप ओळखेचना, शेवटी खोलून बेंचवर पाठवावं लागलं, आठ दिवस गाडी उभी आणि शेठला तोंड मी दिलं. तेव्हापासून फ्लॅश मारायच्या आधी मी मेन स्विचला लाल फडकं बांधतो, ड्रायव्हर-क्लीनर दोघांना खाली उतरवतो, केबिनचा फॅन, टेप, मोबाईलचा चार्जर सगळं बंद. दुसऱ्या गाडीच्या दोन चार्ज बॅटऱ्या जोडीला लावतो, ती गाडी बंद ठेवून. बूस्टर चार्जर नाही, त्याचा सप्लाय स्वच्छ नसतो. लॅपटॉपही फुल चार्ज. लोक हसतात, हसू द्या.

आणि जुनं ईसीएम बोलत असेल तर काढायच्या आधी त्यातलं सगळं वाचून ठेवा, चॅसिस नंबर, किलोमीटर, डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या जाळीचा) डाटा, इंजेक्टरचे कोड. मी मोबाईलवर फोटो काढतो आणि वहीतही लिहितो. इंजेक्टरचे कोड नाही टाकले तर गाडी चालते, पण खडखड करते, धूर मारते, मग गिऱ्हाईक म्हणतं इंजेक्टर खराब. डीपीएफची राख शून्य टाकली तर ईसीएमला वाटतं जाळी नवीन आहे.

बाकी छोट्या गोष्टी. कपलर चावी चालू असताना काढू नका. चावी बंद केल्यावरही लगेच नाही, ईसीएम थोडा वेळ जागं असतं, धूर स्वच्छ करायला युरिया सोडणारा पंप आपली लाईन रिकामी करत असतो, तेवढा एक चहा घ्या. वेल्डिंगच्या आधी बॅटरी आणि ईसीएम दोन्ही सोडवा. बाजारातून जुनं आणणार असाल तर लेबलवरचे सगळे नंबर जुळवा, डबा सारखा दिसतो म्हणून आणू नका. कपलरच्या पिनमध्ये टेस्टरची सुई खुपसू नका, पिन पसरते. युरिया सिस्टीम "बायपास करून द्या" म्हणून ईसीएम घेऊन येणाऱ्यांना मी सरळ परत पाठवतो.

गाडी चालू झाली की लगेच चावी देत नाही मी. वायरिंग हलवून बघतो, गरम होऊ देतो, भरलेली असेल तर एक चढ मारून आणतो. आणि काढलेलं ईसीएम महिनाभर कपाटात, शेठचं नाव टाकून. त्या कांदेवाल्याचं ३५ हजाराचं अजून पडलंय तिथे, न्यायला आलाच नाही.