सॅनचा एक रस्ता तुटला तरी क्लस्टर आडवं होऊ नये म्हणून काय काय बघायचं

मे महिना, रात्रीचे दोन. शिफ्टवरच्या पोराचा फोन, "दादा, दोन्ही नोड एकामागं एक रीस्टार्ट व्हायलेत, करू काय?" वाळूजमधला प्लँट, दोन नोडचं क्लस्टर (एक सर्व्हर पडला तर दुसऱ्यानं काम उचलावं म्हणून जोडलेले दोन सर्व्हर), दोन एचबीए (सर्व्हरला स्टोरेजशी जोडणारं कार्ड), दोन सॅन स्विच (सॅन म्हणजे सर्व्हर अन् स्टोरेज जोडणारं वेगळं नेटवर्क), स्टोरेजचे दोन कंट्रोलर, कागदावर सगळं दुप्पट. जाऊन बघतो तर दोन्ही स्विचच्या पॉवर केबल एकाच यूपीएसच्या एकाच पट्टीत खोचलेल्या, अन् लाइट गेल्यावर तो यूपीएसच ट्रिप झालेला. आमच्या लातूरला घरात दोन नळ असले तरी दोन्हीला पाणी मांजरा धरणाचंच, २०१६ ला धरण आटलं तेव्हा मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, दोन नळ काय चाटायचे का मग?

म्हणून पहिलं काम कीबोर्डवर नाही, रॅकच्या मागं. एचबीएच्या एका पोर्टापासून केबल हातात धरून स्विचपर्यंत जा, तिथून कंट्रोलरपर्यंत जा, मग दुसरी धरा. ए बाजू अन् बी बाजू कुठंच एकत्र यायला नको, ना स्विच, ना पॉवर, ना केबलची नळी (उंदीर एकाच नळीतल्या दोन्ही केबल एका रात्रीत कुरतडतो, अनुभव आहे). दोन पोर्टांचं एकच एचबीए कार्ड असलं तर कार्ड गेलं की दोन्ही बाजू गेल्या, हे पण ध्यानात ठेवा.

आता लिनक्सवर 'मल्टिपाथ -एलएल' मारा, एकाच डिस्ककडं जाणाऱ्या सगळ्या वाटा (पाथ) दाखवणारी कमांड आहे ती. सर्व्हरला दोन पोर्ट अन् प्रत्येक पोर्टाला झोनिंगमधून (कुणाला कोण दिसावं ते स्विचवर ठरवणं) कंट्रोलरचे दोन पोर्ट दिसत असतील तर प्रत्येक लनखाली (लन म्हणजे स्टोरेजनं दिलेली डिस्क) चार पाथ दिसायला पाहिजेत. तीन दिसले तर "चालायलंय ना" म्हणून सोडू नका, एक पाथ सहा महिन्यांपासून मेलेला असतो अन् कुणाला पत्ता नसतो. पाथसमोर 'ॲक्टिव रेडी रनिंग' असलं तर बरं, 'फेल्ड फॉल्टी' असलं तर गेला. अलुआवाल्या (कुठली वाट जवळची, कुठली लांबची ते सर्व्हरला सांगणाऱ्या) स्टोरेजला दोन ग्रुप दिसतील, एक लनच्या मालक कंट्रोलरचा, दुसरा लांबच्या वाटेचा, त्यात घाबरायचं काही नाही. अन् 'एमपाथए', 'एमपाथबी' असल्या नावांवर क्लस्टरमध्ये विसंबू नका, एका नोडवरचं एमपाथए दुसऱ्यावर एमपाथसी निघू शकतं. डब्ल्यूडब्ल्यूआयडी (डिस्कचा न बदलणारा ओळख नंबर) वापरा, नाहीतर दोन्हीकडं सारखं एलियस लिहा.

आता खरी मेख, वेळेचं गणित. बहुतेक क्लस्टर पाथ तुटल्यानं मरत नाहीत, खालच्याचा टाइमआउट वरच्यापेक्षा मोठा असल्यानं मरतात. लिंक पडली की फायबर चॅनलमध्ये (सॅनच्या केबलवर चालणारा प्रोटोकॉल) 'फास्ट आयओ फेल टीएमओ' इतके सेकंद थांबून अडकलेलं आयओ (डिस्कवरचं वाचणं-लिहिणं) दुसऱ्या पाथवर जातं, मल्टिपाथमध्ये हा आकडा डीफॉल्ट ५ असतो. सगळेच पाथ गेले तर काय करायचं ते 'नो पाथ रिट्राय' ठरवतं. तिथं 'क्यू' लिहिलं तर आयओ अनंत काळ रांगेत, एरर वर येतच नाही. आमच्याकडं हेच होतं. डेटाबेस डी स्टेटमध्ये (डिस्कची वाट बघत, मारूनही न मरणारा) लटकला, क्लस्टरची तपासणी म्हणजे मॉनिटर टाइमआउट झाला, पेसमेकर (क्लस्टर चालवणारं सॉफ्टवेअर) स्टॉप करायला गेला तर फाइल सिस्टिम अनमाउंट होईना, स्टॉप फेल म्हणून नोडला फेन्स, म्हणजे जबरदस्तीनं रीस्टार्ट. दुसऱ्या नोडवर पण डिस्क नाहीच, तिथं पण तीच गत. बरं, हार्टबीट (नोडांची एकमेकांना हजेरी) जातं नेटवर्कवरून, त्यामुळं डिस्क गेलेला नोड पण "मी जिवंत आहे" म्हणत राहतो.

तर तिथं आकडा द्या. पोलिंग इंटरव्हल ५ सेकंद अन् नो पाथ रिट्राय ६ म्हणजे साधारण ३० सेकंद आयओ रांगेत राहील, मग एरर येईल. त्यात वरचे ५ मिळवा, ३५ झाले. क्लस्टरमधला फाइल सिस्टिमचा मॉनिटर अन् स्टॉप टाइमआउट याच्या बराच वर पाहिजे, मी ६० च्या खाली जात नाही. एसबीडीची (डिस्कवर निरोप लिहून नोडला फेन्स करायची सोय) डिस्क याच मल्टिपाथवर असली तर तिचा वॉचडॉग टाइमआउट (तेवढ्यात डिस्क मिळाली नाही तर नोड स्वतःच रीस्टार्ट होतो) डीफॉल्ट ५ सेकंद असतो, तो पाथ बदलायला लागणाऱ्या वेळेपेक्षा मोठा करा, एमएसजीवेट (निरोप पोचायला दिलेला वेळ) त्याच्या दुप्पट अन् स्टोनिथ टाइमआउट (फेन्स पुरं व्हायची मुदत) त्याच्याही वर. आयस्कझी (साध्या नेटवर्कवरून डिस्क) असलं तर 'रिप्लेसमेंट टाइमआउट' (तुटलेली जोडणी परत यायची वाट बघायचा वेळ) डीफॉल्ट १२० सेकंद असतो, मल्टिपाथ असताना दोन मिनिटं कशाला वाट बघायची, ५ ते १५ च्या मधी आणा, अन् दोन पोर्टांचं बाँडिंग न करता दोन वेगळे सबनेट ठेवा. कॉन्फिग बदलली की इनिट्रॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी फाइल सिस्टिम) परत बनवायला विसरू नका, नाहीतर बूटच्या वेळी जुनीच सेटिंग लागते.

फेलबॅकला (पाथ परत आला की आयओ मूळ वाटेवर नेणं) 'इमिजिएट' ठेवायचा मोह होतो. पण जुन्या ॲक्टिव-पॅसिव्ह (एका वेळी एकच कंट्रोलर लन चालवणाऱ्या) स्टोरेजवर एका नोडनं लन एका कंट्रोलरकडं ओढला अन् दुसऱ्यानं लगेच परत ओढला की पिंगपाँग सुरू होतं. 'फॉलोओव्हर' त्यासाठीच आहे, लन दुसऱ्या नोडनं हलवला असला तर हा नोड परत ओढत नाही.

पूर्ण तुटलेल्या केबलपेक्षा अर्धवट तुटलेली जास्त छळते. आमच्याकडं उन्हाळ्यात धूळ किती ते सांगायला नको, एलसी कनेक्टरवर (ऑप्टिकल केबलचं टोक) एक कण बसला तरी केबलमधला उजेड कमी होतो, सीआरसी एरर (डेटा वाटेत खराब झाल्याच्या) वाढतात, पाथ पडतो, उठतो, पुन्हा पडतो अन् दर वेळी ॲप्लिकेशन अडखळतं. लॉगमध्ये 'रिमेनिंग ॲक्टिव पाथ्स' सारखं ३-४-३-४ होताना दिसलं तर समजा. असल्या पाथला स्वतःहून काढून टाका, स्विचवर पोर्टच डिसेबल करा. मग क्लीनिंग पेन फिरवा, तरी एरर वाढतच असले तर एसएफपी (पोर्टात बसणारं ऑप्टिकल मॉड्यूल) बदला, शेवटी केबल. एका वेळी एकच, नाहीतर कशानं बरं झालं ते कळत नाही. फुंकर मारून साफ करणारे पण बघितलेत, थुंकी उडते राव त्यात.

टेस्ट सुट्टीच्या दिवशी करा. एफआयओनं (डिस्कवर लोड टाकायचं टूल) सतत लिहिणं चालू ठेवा अन् एक केबल खरोखर उपटा, डिस्कच्या स्टेट फाइलमध्ये 'ऑफलाइन' लिहून जमतं पण त्यानं केबल, एसएफपी, स्विच काहीच तपासलं जात नाही. किती सेकंद लिहिणं थांबलं ते वहीत लिहा. मग अख्खा ए स्विच बंद करा. मग एका नोडच्या दोन्ही केबल काढून बघा, ३५ सेकंदांच्या आसपास एरर आली अन् रिसोर्स दुसऱ्या नोडवर गेला तर गणित बरोबर.

अन् स्विचचं फर्मवेअर करताना ए बाजू झाली की दोन्ही नोडवर चारही पाथ परत 'ॲक्टिव रेडी' दिसेपर्यंत बी बाजूला हात लावायचा नाही. व्हेंडरचं पोरगं "सर, लवकर उरकू, बस आहे" म्हणायलं तर त्याला चहा पाजा, तोवर नोडवर 'मल्टिपाथ -एलएल' परत मारून बघा.