पेटीच्या भोकातून किती गळेल? लांबी मोजा

इलेक्ट्रॉनिक सर्किट ठेवलेल्या धातूच्या पेटीतल्या भोकातून रेडिओ लहरी किती निसटतील, हे क्षेत्रफळावरून काढू नका. भोकाचं सर्वांत लांब माप घ्या.

१. तरंगलांबी (मिमी) = ३,००,००० ÷ मेगाहर्ट्झ. क्लॉकची (सर्किटला ताल देणाऱ्या सिग्नलची) नाही, त्रास देणाऱ्या सर्वांत वरच्या हार्मोनिकची (क्लॉकच्या पटीतल्या वारंवारतेची).
२. अडवणूक (डेसिबल) = २० × लॉग१० (तरंगलांबी ÷ दुप्पट लांबी). १ गिगाहर्ट्झला १५ मिमीची फट: ३०० ÷ ३० = १०, म्हणजे जेमतेम २० डेसिबल.
३. शेजारी-शेजारी सारखी भोकं असतील तर १० × लॉग१० (संख्या) वजा करा. त्याच फटीऐवजी ३ मिमीची पाच भोकं पाडली तर एका भोकाचे ३४ − ७ = २७ डेसिबल.

झाकणाच्या दोन स्क्रूंमध्ये रंगामुळे राहिलेली कागदाएवढी फटही पूर्ण लांबीचीच धरा. इथेच बहुतेक जण फसतात.

भोकातून फिल्टर न लावलेली वायर बाहेर काढली, तर हा हिशेब लागू नाही. ती अँटेनाच होते.