आयरिश टाउनलँडचा जमीन-इतिहास कसा शोधावा

टाउनलँड हा आयर्लंडमधला जमिनीचा सगळ्यात लहान, ठरलेल्या सीमेचा तुकडा. असे ६० हजारांहून जास्त आहेत. नावात ‘टाउन’ असलं तरी कित्येकांत चार-दोन घरंच असतात. उदाहरणाला मेयो काउंटीतल्या अकिल बेटावरचं स्लीव्हमोर घेऊ.

१. आधी नावाचा छडा लावा. एकाच नावाचे टाउनलँड डझनभर सापडतात, म्हणून पॅरिश (चर्चच्या हद्दीवरून पडलेला विभाग) आणि काउंटी सोबत लिहून ठेवा. मग मूळ आयरिश रूप बघा. स्लीव्हमोर म्हणजे ‘मोठा डोंगर’, हे सोपं. पण ‘किल’ने सुरू होणारं नाव फसवतं: ते चर्चवरून आलेलं असेल किंवा रानावरूनही.

२. १८२९ ते १८४२ दरम्यान निघालेले सहा इंचाला एक मैल प्रमाणाचे ऑर्डनन्स सर्व्हेचे (सरकारी मोजणी खात्याचे) नकाशे ऑनलाइन मिळतात. नंतरचा पंचवीस इंची नकाशा शेजारी ठेवा आणि कुठली घरं नाहीशी झाली ते मोजा. मधल्या काळात १८४५ मध्ये सुरू झालेला मोठा दुष्काळ येऊन गेलेला असतो.

३. आता ग्रिफिथचं मूल्यांकन (१८४७–१८६४), म्हणजे कर ठरवण्यासाठी झालेली देशभरातल्या जमिनीची आकारणी. खरी मजा इथे आहे, घाई करू नका. कसणारा कोण, त्याला जमीन कुणी दिली, क्षेत्र किती, आकारणी किती, सगळं एका ओळीत. आपला सातबारा वाचणाऱ्याला हे परकं वाटणार नाही. एकाच क्रमांकापुढे महिरपी कंसात पाच-सहा नावं दिसली, तर जमीन सामाईक होती असं समजा. क्षेत्र एकर, रूड आणि पर्चमध्ये असतं. ४० पर्च म्हणजे एक रूड, ४ रूड म्हणजे एक एकर. त्याआधीच्या टाइद, म्हणजे चर्चला द्यायच्या कराच्या पुस्तकांत (१८२३–३७) मात्र बहुधा आयरिश एकर असतो, साधारण १.६२ पट मोठा. आकडे जुळले नाहीत, तर आधी हे तपासा.

४. पुढच्या फेरफारांसाठी डब्लिनमधल्या पूर्वीच्या मूल्यांकन कार्यालयाच्या (२०२३ मध्ये ते टाल्चे एअरन या सरकारी संस्थेत विलीन झालं) वह्या. जुनं नाव खोडून वर नवं लिहिलेलं, दर फेरीला शाई वेगळ्या रंगाची. रंगावरून वर्ष लावता येतं.

५. १९०१ आणि १९११ ची जनगणना फुकट पाहता येते. त्याआधीच्या फारशा उरल्या नाहीत. काही सरकारनेच नष्ट केल्या, बाकी बहुतेक डब्लिनच्या सरकारी दप्तरखान्याला १९२२ मध्ये लागलेल्या आगीत गेल्या.

शेवटी जागेवर जा. शेतमालकाला विचारून आत शिरा, फाटक होतं तसंच लावा. स्लीव्हमोरला छपरं गेलेल्या दगडी घरांच्या रांगेखाली उतारावर बटाट्याचे जुने वरंबे आहेत. दुपारी दिसणार नाहीत. ऊन तिरपं झालं की सावलीने एकेक उठून दिसतो.