स्नेअर पॅड घेण्याआधी मॉड्यूलची मागची बाजू बघा

सांगली-मिरजेकडे ऑर्केस्ट्रासाठी जुना इलेक्ट्रॉनिक ड्रम किट घेऊन नुसता स्नेअर पॅड (स्नेअर ड्रमच्या जागी वाजवायचा पॅड) बदलणारे बरेच असतात. पॅड महाग की स्वस्त, हा नंतरचा प्रश्न. मॉड्यूलचा, म्हणजे पॅडच्या घावाचा आवाज काढणाऱ्या डब्याचा, मागचा स्नेअर इनपुट रिमसाठी (पॅडच्या कडेसाठी) पिझो (घावाचा हादरा मोजणारा सेन्सर) वाचतो की स्विच (दाबला की नुसता चालू-बंद होणारा), हे मॅन्युअलमध्ये आधी पाहा. रोलँडच्या बहुतेक मेश (जाळीच्या) स्नेअरमध्ये हेड, म्हणजे वाजवायचा पृष्ठभाग, आणि रिम दोन्हीकडे पिझो असतो. यामाहाच्या तीन झोनच्या (तीन वेगळे आवाज देणाऱ्या भागांच्या) पॅडमध्ये हेडला पिझो आणि रिमला स्विच. पॅड आणि मॉड्यूलची जोडी जुळली नाही तर हेड वाजेल, पण रिमशॉट (कडेवरचा घाव) गप्प बसेल. रोलँडचे यूएसबीवरचे डिजिटल स्नेअर तर साध्या जॅकला लागतच नाहीत.

केबल स्टिरिओ, म्हणजे प्लगच्या टोकावर दोन काळ्या रेघांची हवी. रिम न वाजण्याचं बऱ्याचदा एवढंच कारण असतं.

मेशखाली मधोमध सेन्सरवर फोमचा शंकू असेल तर मध्यावरचा घाव जास्त मोठा वाजतो. सेन्सर कडेला असलेला पॅड घेतला तर हा त्रास टळतो, फक्त सेन्सर आपल्या हातापासून लांबच्या बाजूला ठेवा.

खऱ्या स्नेअरवर ट्रिगर (मॉड्यूलला घाव कळवणारा, वरून लावायचा सेन्सर) लावणार असाल तर सेन्सर कातड्याला जेमतेम टेकू द्या. जास्त दाबला तर एका घावाला दोन आवाज येऊ शकतात. तरीही आले तर मॉड्यूलमधलं रिट्रिगर कॅन्सल (दुसरा आवाज गाळणारं सेटिंग) वाढवा.

गणपतीत फळ्यांच्या स्टेजवर सबवूफरच्या हादऱ्याने पॅड आपोआप वाजतो. तिथे थ्रेशोल्ड (किती जोराच्या घावापासून आवाज यावा ते सेटिंग) एकेक पायरी चढवा. एकदम वाढवलात तर घोस्ट नोट्स, म्हणजे अगदी हलके घाव, गेल्याच.