खानदेशात उन्हाळी भाजीपाल्याची लागवड: गुंठाभर जागेसाठी

खानदेशात उन्हाळी भाजीपाल्याला थंडी आणि ऊन यांच्यामध्ये जो काळ मिळतो, तो फार आखूड असतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत जानेवारीत पहाटेचे तापमान अनेकदा १० अंशांच्या खाली उतरते आणि एप्रिलमध्ये दुपारचा पारा ४० अंश ओलांडतो. जमीन गार असताना टाकलेले भेंडीचे बी उगवण्याऐवजी कुजते, तर ४२ अंशांच्या पुढे त्याच भेंडीची फुले गळू लागतात. म्हणून संक्रांतीनंतर जमीन तयार करून ठेवावी, फेब्रुवारीत पहाटेचा गारठा ओसरताच पेरणी करावी आणि ती महाशिवरात्रीच्या फारशी पुढे जाऊ देऊ नये, म्हणजे आखाजीला (अक्षय तृतीयेला) घरच्या वाफ्यातली भाजी हाताशी येते.

पहिल्या वर्षी एक गुंठा जागा पुरेशी आहे, कारण मे महिन्यात विहिरीला किंवा बोअरला किती पाणी उरते, यावरच पुढचे सारे अवलंबून असते. गुंठ्याला सुमारे २०० किलो चांगले कुजलेले शेणखत मातीत मिसळावे. आपली काळी माती ओली असताना खणली की तिची ढेकळे होतात आणि ती वाळल्यावर फुटता फुटत नाहीत, त्यामुळे वाफशाची, म्हणजे मातीत बेताचीच ओल उरण्याची, वाट पाहणे अत्यंत गरजेचे आहे. मूठभर माती दाबून तिचा गोळा करावा आणि तो छातीच्या उंचीवरून खाली सोडावा. तो फुटून विखुरला तर जमीन वाफशावर आली असे समजावे, चेपून तसाच राहिला तर आणखी एक-दोन दिवस थांबावे.

काय लावायचे हे ठरवण्याआधी शेजारी काय उभे आहे, हे पाहिलेच पाहिजे. तापीकाठच्या गावांत तुकड्याला लागून केळीची बाग असते. केळीवरील हरण्या रोग ज्या विषाणूमुळे होतो, तोच काकडी, भोपळा, टोमॅटो आणि मिरचीवरही जगतो आणि मावा ही बारीक रसशोषक कीड तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतो. तेव्हा केळीच्या बांधाला काकडी किंवा कोणताही वेल लावून शेजाऱ्याच्या वर्षभराच्या पिकाला धोका निर्माण करू नये. तेथे भेंडी व गवार बरी. शेजारी कपाशीची फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेले पीक, असेल, तर मात्र भेंडी दूर ठेवावी, कारण दोन्ही पिके एकाच कुळातली असून पांढरी माशी आणि बोंडअळी एकीवरून दुसरीवर सहज येतात. त्याच कारणाने वेलांच्या मांडवासाठी पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडे) वापरायच्या असतील, तर त्यांवरील वाळलेली बोंडे आधी तोडून जाळून टाकावीत. भरीताच्या वांग्याचा मोह या हंगामात टाळावा, त्याची लागवड पावसाळ्यातच योग्य.

भेंडीचे बी रात्रभर पाण्यात भिजवून ३० बाय १५ सेंटिमीटरवर, दोन-तीन सेंटिमीटर खोल टोकावे. केवडा (पाने पिवळी पाडणारा) रोग सहन करणारी ‘परभणी क्रांती’ ही जात घरच्या वाफ्यासाठी चांगली आहे. गवारीसाठी ‘पुसा नवबहार’ घ्यावी. कारल्याचे कवच कठीण असल्याने ते बी दिवसभर भिजवून ओल्या फडक्यात उबेला ठेवावे आणि मोड आल्यावर टोकावे. गिलके (घोसाळे), दोडके आणि कारले यांची रोपे जानेवारीअखेर पिशवीत वाढवली, तर पंधरा-वीस दिवस हाती लागतात. दोन-तीन पाने आल्यावर मातीचा गोळा न फोडता ती दीड मीटर बाय एक मीटरवर लावावीत.

पाणी नेहमी पहाटे किंवा सायंकाळी द्यावे. ठिबक असेल तर उत्तम, नसेल तर सरीतून द्यावे, पण वरंबा बुडवू नये. मार्चमध्ये गहू निघाला की त्याचे काड किंवा उसाचे पाचट बुंध्याभोवती तीन-चार बोटे जाडीचे अंथरावे. पश्चिमेच्या झळा अडवण्यासाठी त्या बाजूला ज्वारीच्या दोन ओळी पेरणीबरोबरच घालाव्यात.

वेलांच्या कोवळ्या पानांवर लाल भुंगे येतात. पहाटे ते सुस्त असतात, त्या वेळी हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत. माव्यासाठी पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे दहा लिटर पाण्यात अर्धा किलो निंबोळीची भुकटी रात्रभर भिजवून गाळलेले पाणी, सायंकाळी फवारावे. वेलांवर गंधक वापरू नये, पाने करपतात.

उन्हात नरफुलेच जास्त येतात आणि मधमाश्या कमी फिरकतात, म्हणून परागीकरण हाताने करावे. मादी फुलाच्या देठाशी इवलेसे फळ दिसते. नरफूल तोडून, पाकळ्या काढून त्याचा पराग तिच्या मध्यभागी हलके टेकवावा. गिलक्याचे फूल सकाळी उमलते, दोडक्याचे सायंकाळी, हे लक्षात ठेवून वेळ निवडावी. भेंडी आणि गवार एक दिवसाआड तोडावी, कारण एकदा शेंगा जून झाल्या की झाड नवी फुले धरणे कमी करते.